दोन थापा

“कुत्र्यांचा वाटा काढला काय?” रावजीदादानं विचारलं.

“काढला.”

“मग आता भागोजीचा काढ. आन् आखा वाटा दे रं. त्याच्या कानामुळंच आज भेकर गावलं.”

सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पऱ्याच्या, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या, काठी खडकावर कुड्याची पानं मांडली होती आणि कोयत्याचा खटखट आवाज येत होता. पहिला वाटा देवाचा, दुसरा ज्याची गोळी लागली त्याचा, मग रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांचे, मग कुत्र्यांचा. शेवटचा माझा. सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

मी चार वर्षांचा असताना देवी आल्या आणि दोन्ही डोळे घेऊन गेल्या. माझा बाप शिकारी होता. पोराला दिसत नाही म्हणून त्यानं मला रानात न्यायचं सोडलं नाही. खांद्यावर बसवून न्यायचा आणि विचारायचा, “सांग, कोण गेलं?” रानकोंबडा पाचोळा कसा उकरतो, भेकर दोन पावलं टाकून कसं थांबतं, डुक्कर चालताना पाचोळा कसा दडपला जातो, हे सगळं मी अक्षरं शिकावीत तसं शिकलो. बाप गेला. मी सुंभ वळून पोट भरायला लागलो. पण गावची शिकार निघाली की रावजीदादा मला बोलावून न्यायचा. मी रानाच्या कडेला बसायचो आणि जनावर कुठल्या अंगानं येतंय ते सांगायचो. मग ज्यांच्याकडे बंदूक असायची ते तिकडं तोंड करायचे.

त्या दिवशीही तेच झालं होतं. रावजीदादाची गोळी चुकली. “दारू सादळली,” असं तो म्हणाला. मग हवालदारकाकांची लागली.

माझ्या हातात कुणीतरी पानाची पुडी दिली. मी ती खडकावर ठेवली.

“काय झालं रं?” रावजीदादा म्हणाला.

“मला वाटा नको, दादा. पुढच्या खेपेला मला बंदूक घेऊन बसायचंय.”

कोयता थांबला. मग कुणीतरी फस्सकन हसलं आणि मागोमाग सगळेच.

रावजीदादा मात्र हसला नाही. तो आमच्या तळकोंडचा सगळ्यात मोठा शिकारी. साठीला आला होता, पण रानातला त्याचा शब्द शेवटचा. तो जवळ आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “भागोजी, तुझ्या हातात बंदूक दिली तर जनावर जगंल आन् माणूस मरंल. ज्याला दिसत नाय त्यानं बंदुकीला हात लावू नये. पुन्हा हा विषय काढू नकोस.”

मी उठलो आणि काठी टेकत वाटेला लागलो.

*

अर्ध्या वाटेत शेवंती भेटली. माझी बायको. लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. मला यायला उशीर झाला की ती अशीच पुढं यायची. आमची चालायची एक रीत होती. ती माझा हात धरत नसे. मला ते आवडत नाही, हे तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. ती माझ्या मागून चालायची आणि एक हात माझ्या खांद्यावर ठेवायची, बस्स.

आमच्या मागून हवालदारकाका येत होते. काका तोफखान्यातून निवृत्त होऊन आले होते. माणूस तसा अबोल. त्या दिवशी घरापर्यंत त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. अंगणात आल्यावर ओट्यावर बसले आणि म्हणाले, “शेवंती, मघाशी साकवावर तू ह्याला काय सांगितलंस?”

“कायबी नाय, काका.”

“मग हा उजवीकडं कसा सरकला? डावीकडची फळी मोडलेली हाय.”

“बोटानं जरासं दाबलं.”

“आन् चढावर?”

“अंगठा वर सरकवला. म्हंजे पाय उचला.”

काका ओट्यावर पुढं सरकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “भागोजी, मी अठरा वर्षं तोफ डागली. शत्रू किती वेळा बघितला असंल?”

“रोजच बघितला असंल की.”

“एकदाबी नाय. तोफ डोंगराच्या अलीकडं, शत्रू पलीकडं. बघणारा माणूस वर कड्यावर बसलेला असतो. तो सांगतो, उजवीकडं, जरा खाली, आता टाक. आम्ही टाकायचो. बघणारा येगळा आन् डागणारा येगळा. त्याला कुणी आंधळ्याचं काम म्हणत नाय.”

माझ्या काय ते ध्यानात आलं.

“काका, शेवंतीला बघायचं काम जमंल?”

“ती पाच वर्षं तेच करतेय. तुम्हा दोघांना ठावं नव्हतं, एवढंच.”

शेवंती दारात उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या नाहीत, म्हणजे ती अगदी स्तब्ध उभी असणार. मी म्हणालो, “तसं असंल तर तूच का मारत नाहीस? तुला दिसतंय.”

“मला हौस नाय जनावर मारायची,” ती म्हणाली. “तुमाला हाय. झोपेतसुदिक हाका देता.”

*

दुसऱ्या दिवसापासून काकांच्या परसात आमची शाळा सुरू झाली. पहिले आठ दिवस बंदूक नव्हतीच, बांबू होता. मी बांबू खांद्याला लावायचा आणि शेवंतीनं माझ्या मागं चिकटून उभं राहून, गाल माझ्या उजव्या खांद्याला टेकवून, बांबूच्या रेषेत बघायचं. तिचे दोन्ही हात माझ्या पाठीवर. डाव्या हातानं दाबलं की डावीकडं, उजव्यानं दाबलं की उजवीकडं. अंगठे वर सरकले की नळी वर, खाली आले की खाली. पाठीवर झटपट दोन थापा दिल्या की चाप ओढायचा.

“आन् हे सगळ्यात महत्त्वाचं,” काका म्हणाले. त्यांनी शेवंतीचा तळवा धरून माझ्या पाठीच्या मधोमध सपाट ठेवला. “हा असा तळवा आला की थांबायचं. कानाला काहीबी ऐकू येऊ दे, जनावर अंगावर येऊ दे, बोट चापावरून बाजूला. दोन थापा पडल्याबिगर बार काढलास तर त्याच दिवशी बंदूक परत घेईन आन् पुन्हा तुझ्या अंगणात पाय ठेवणार नाय. कबूल?”

“कबूल.”

“देवाची शपथ घे.”

मी घेतली.

नवव्या दिवशी काकांनी आपली एकनळी बंदूक हातात दिली. वीस पावलांवर झाडाला नारळाची करवंटी टांगली होती. शेवंतीनं मला वळवलं, नळी खाली घेतली, दोन थापा दिल्या. मी चाप ओढला. बार झाला तशी ती किंचाळून मागं पडली. करवंटी जागच्या जागी. दुसऱ्या बाराला ती पडली नाही, पण पुन्हा चुकलो. तिसऱ्यालाही तेच.

काका तिच्यासमोर येऊन उभे राहिले. “पोरी, बार होतो तेव्हा तू काय करतेस?”

“डोळे मिटते.”

“डोळे मिटायची पाळी ह्याची हाय, तुझी नाय.”

शेवंतीला एवढं हसू लोटलं की ती खालीच बसली. मीही हसलो. माझ्या डोळ्यांवरून कुणी विनोद केला आणि मी पोटातून हसलो, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. चौथ्या बाराला करवंटीचे तुकडे झाले. त्यांतला एक तुकडा शेवंतीनं उचलून माझ्या हातात ठेवला. तो अजून गरम होता.

पौष महिना सगळा असा गेला. पुढं पुढं काका करवंटीला दोरी बांधून ती ओढत पळायचे. साठीचा माणूस परसात धापा टाकत पळतोय आणि आम्ही दोघं एका अंगानं वळतोय. शेजारणी कुंपणाशी उभ्या राहून बघायच्या. बाईमाणसानं नवऱ्याला असं दिवसाढवळ्या चिकटून उभं राहावं, ह्यावर वाडीत बरंच बोललं गेलं. शेवंती पाणवठ्यावरून तोंड लाल करून यायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा परसात हजर.

*

माघात एकांड्यानं धाकू पाष्टेची मांडी फाडली.

एकांडा म्हणजे कळपातून फुटलेला, एकटा फिरणारा नर डुक्कर. हा जुना होता, सुळ्यांचा. दिवाळीपासून त्यानं वाडीचा पावटा आणि रताळी उकरून टाकली होती. धाकू राखणीला गेला आणि त्याच्या वाटेत आला. धाकूला डोलीत घालून तालुक्याला न्यावं लागलं. त्यानंतर माणसं शेतात जायला धजेनात. रविवारी मोठी शिकार काढायची ठरली आणि गावची बैठक बसली.

बैठकीत काका उठून म्हणाले, “ह्या खेपेला भागोजी आन् शेवंती माझी बंदूक घेऊन बसतील. लायसन माझं, म्हणून मी त्यांच्या जोडीला बसंन.”

एकच गलका झाला. आंधळा तो आंधळा आणि वर बाई! देवाला चालणार नाही, शिकार लाभणार नाही. रावजीदादाचा आवाज सगळ्यांच्या वर आला. “हवालदार, तुमी लष्करात होता म्हणून काय वाट्टेल ते करणार? उद्या कुणाचा जीव गेला तर?”

“आधी बघ तरी,” काका म्हणाले.

शाळेमागच्या कापलेल्या शेतात सगळा गाव जमला. रावजीदादानं स्वतः तीस पावलं टाकून आंब्याच्या फांदीला मडकं टांगलं. मी उभा राहिलो. शेवंती मागं आली. तिचे हात गार पडले होते. दोन थापा. बार. मडकं तसंच.

हशा उसळला. कुणीतरी शिट्टी मारली. शेवंती माझ्या कानाशी म्हणाली, “तुमी श्वास धरलेला नव्हता. माझं काय चुकलं नाय.” तिचा आवाज इतका रोखठोक होता की माझी छाती एकदम शांत झाली. काकांनी दुसरं काडतूस भरलं. तिचे अंगठे केसभर वर सरकले. दोन थापा.

मडक्याच्या खापऱ्या शेतात पडल्याचा आवाज मला सगळ्यांच्या आधी ऐकू आला. मग बायकांच्या बाजूनं ओरडा उठला. एवढ्या बायका बघायला आल्यात, हे मला तेव्हा कळलं.

“मडकं पळत नाय,” रावजीदादा म्हणाला. पण बैठकीचा सूर बदलला होता. शेवटी असं ठरलं की आम्ही पऱ्याच्या तोंडाशी, सगळ्यात कडेला बसायचं. तिथं सहसा जनावर येत नसे. आणि रावजीदादानं अट घातली, “मी ह्यांच्या बाजूच्याच खडकावर बसणार. ह्यानं भलतीकडं नळी फिरवली तर आधी मी ती धरीन.”

*

रविवारी उन्हं वर आल्यावर हाका सुरू झाला. वरच्या धारेवर ढोल घुमला, डबे वाजले, हाकारे आरोळ्या देत, झुडपं झोडपत उतरायला लागले. आम्ही पऱ्याच्या सुक्या पात्राकडे तोंड करून बसलो होतो. मी गुडघ्यावर, मागं शेवंती, तिच्या मागं काका. उजव्या अंगाला चारेक पावलांवर रावजीदादा. त्याच्या चपलेची कातडी कुरकुरत होती, तेवढ्यावरून मला त्याची जागा कळत होती.

काका पुटपुटले, “ऐकू आलं की सांग.”

आधी रानकोंबड्या उडाल्या. मग एक भेकर वरच्या अंगानं निसटलं, मी बोटानं दिशा दाखवली. ते आमचं नव्हतं. ढोल जवळ येत होता. आणि मग पात्राच्या वरच्या वळणावर पाचोळा वाजला.

काहीतरी सावकाश खाली येत होतं. थांबत होतं, पुन्हा येत होतं. करवंदीच्या जाळीतून फांदी सरकल्याचा आवाज झाला. उजव्या अंगाला बसलेल्यांची कुजबुज थांबली. सगळ्यांना वाटलं, एकांडा. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

रावजीदादाच्या बंदुकीचा घोडा मागं ओढल्याचा ‘कट्’ आवाज आला.

आणि त्याच वेळी मला टाच ऐकू आली. जनावराला टाच नसते. माणूस पाऊल टाकतो तेव्हा आधी टाच पडते, मग पंजा. पाचोळ्यात त्याचे दोन आवाज होतात, एकामागून एक, अगदी चिकटून. ते दोन आवाज मी ऐकले. मग पुन्हा ऐकले.

“दादा, माणूस हाय!” मी जीव खाऊन ओरडलो. “रावजीदादा, नळी खाली! माणूस हाय!”

जाळीतून रडवेला आवाज आला, “अरे मी हाय, लखू! पाय मुरगळला माझा. आडवाटेनं खाली उतरतोय.”

लखू आमच्या हाकाऱ्यांपैकी एक. रावजीदादाच्या बाजूनं हलकेच घोडा जागेवर बसवल्याचा आवाज आला.

काकांनी सुस्कारा टाकला. “गेली शिकार,” ते म्हणाले. “एवढ्या आरोळीनंतर जनावर कशाला येतंय ह्या अंगाला.”

पण वर ढोल होता, पलीकडून कुत्री आली होती. त्याला दुसरी वाटच उरली नव्हती. डाव्या हाताला, पात्राच्या पलीकडं, एक मोठा श्वास मी ऐकला. ओला, घरघरता. मग दातावर दात घासल्याचा आवाज. सुळे पाजळताना डुक्कर तसा आवाज करतो, हे बापानं मला सांगितलं होतं.

“डावीकडं,” मी कुजबुजलो. “पात्राच्या पल्याड. थांबलाय.”

शेवंतीचे हात पाठीवर आले. त्या दिवशी ते गार नव्हते. डाव्या हाताचा दाब, अजून दाब, मी वळलो. अंगठे खाली. अजून जरा खाली. तिचा श्वास माझ्या मानेवर पडत होता. मी माझा श्वास धरला.

तो निघाला. सुरुवातीला दुडक्या चालीनं, मग सुसाट. त्याच्या खुरांखाली पात्रातले गोटे उडत होते, त्यापुढं दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तो सरळ आमच्याकडं येत होता. मला तो कानांनी इतका स्वच्छ दिसत होता की नळीचं तोंड त्याच्या छातीवर आहे हे मी सांगू शकलो असतो. बोट चापावर घट्ट झालं. बापाच्या खांद्यावर बसल्यापासून ज्या क्षणाची वाट बघितली होती तो आला होता. थापा पडायला हव्या होत्या.

त्याऐवजी पाठीच्या मधोमध सपाट तळवा आला.

मला काही समजेना. तो जवळ येत होता. मी चुकलो तर तो मला आडवा करून थेट तिच्यावर जाणार होता, आणि तिच्या हातात काठीसुद्धा नव्हती. माझे कान ओरडून सांगत होते, मार, आत्ता मार. आणि तळवा तसाच. मी चापावरचं बोट उचललं. आयुष्यात त्याहून जड काही मी उचललेलं नाही.

एक. दोन. तळवा निघाला. उजव्या हाताचा जोरात दाब, अंगठे खाली, आणि दोन थापा.

मी चाप ओढला.

बारानंतर कानात नुसती शीळ वाजत होती. काहीतरी मोठं, ओझ्याच्या गोणीसारखं, गोट्यांवरून घसरत आलं. माझ्या गुडघ्यावर वाळू उडाली. मग काही हललं नाही. शेवंतीनं दोन्ही हातांनी माझा सदरा मुठीत धरला होता.

“पडला?” मी विचारलं.

“पडला,” ती म्हणाली. आणि मग हसतेय की रडतेय ते मला कळेना अशा आवाजात, “अवो, पडला! पाच पावलांवर पडला!”

“तळवा का ठेवलास?”

“लखू त्याच्या पाठीमागं होता. भिऊन पात्रातनं लंगडत आडवा पळत होता. तो बाजूला झाल्याबिगर कशी सांगू?”

*

त्या दिवशी काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. बांबूला टांगून आठ माणसांनी एकांडा वाडीत आणला. पुढं ढोल. काकांनी शेवंतीला आणि मला ढोलाच्या मागं चालायला लावलं. बायकांनी अंगणात तिला ओवाळलं. पाणवठ्यावर जिनं सगळ्यात जास्त तोंड टाकलं होतं तीच पुढं होती, असं शेवंतीनं नंतर हसत सांगितलं. धाकूच्या म्हाताऱ्या आईनं माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. लखू तर प्रत्येकाला धरून धरून सांगत होता, “एका सकाळी दोनदा जन्मलो मी! एकदा ह्याच्या कानानं, एकदा तिच्या डोळ्यानं!” तो पुढं कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगायचा आणि प्रत्येक वेळी डुक्कर वीतभर वाढायचा.

पुढं कायदा आला, रानातली शिकार बंद झाली, काकांची बंदूक ठाण्यात जमा झाली. ते बरंच झालं, रानात तेव्हा उरलं होतं तरी काय. पण मधल्या पाच-सहा वर्षांत आम्ही दोघं आणखी चार वेळा बसलो. एकदाही तळवा मोडला नाही.

मला सांगायचंय ते त्याच दिवशीच्या संध्याकाळचं. गर्दी पांगली होती. मी ओट्यावर बसलो होतो, शेवंती आत चुलीपाशी. अंगण अजून उन्हानं गरम होतं, पण वारा थंड व्हायला लागला होता, म्हणजे दिवस बुडाला असणार. कुरकुरत्या चपला अंगणात आल्या आणि थांबल्या. तुळशीवृंदावनाला काहीतरी आपटलं.

“रावजीदादा?”

“व्हय.”

तो ओट्याला हातानं चाचपत माझ्या शेजारी बसला. मी ऐकलं ते. हात ओट्यावरून आधी फिरला, मग तो बसला. असं मी बसतो.

शेवंती पाणी ठेवून गेली, तांब्या त्याच्या हाताला लागून लवंडला.

“भागोजी,” तो म्हणाला, “सकाळी मी लखूला मारला असता.”

“चुकून झालं असतं, दादा. जाळी दाट होती.”

“जाळी दाट नव्हती.” त्यानं आवाज खाली आणला. “दोन वर्सं झाली. कडेचं कायबी दिसत नाय. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं, तेबी धुरकट. मोठ्या डाक्टरनं सांगितलं, काचबिंदू हाय, गेलेलं परत येत नाय आन् राहिलेलंबी राहायचं नाय. घरात ठावं नाय कुणाला. बायकोलाबी नाय.”

मग त्या दोन वर्षांतल्या चुकलेल्या गोळ्या, सादळलेली दारू, सगळं माझ्या डोक्यात एकेक करून जागेवर बसलं. आणि पऱ्याकाठचं त्याचं बोलणंही. ज्याला दिसत नाही त्यानं बंदुकीला हात लावू नये, हे तो कुणाला सांगत होता, ते आत्ता कळलं.

“तुला बोललो ते...” त्यानं लवंडलेला तांब्या चाचपून उभा केला. शिकारीची जाळी लावत रानोरान हिंडलेला, एकट्यानं बिबट्यासमोर उभा राहिलेला माणूस. “मला वाटायचं, एकदा का हे कळलं की संपलो. मग कोनाड्यात बसून भाकरीची वाट बघायची. आज बघितलं तुमा दोघांना. पूर्ण नाय दिसलं, पण जेवढं दिसलं तेवढं बघितलं.”

शेवंती दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं असणार, कारण ती म्हणाली, “दादा, तुमच्या घरच्या काकींना उद्या सकाळी हिकडं घेऊन या. आधी बांबूनं सुरुवात करायची. आन् त्यांना सांगा, बार झाला की डोळे मिटायचे नाय.”

रावजीदादा हसला. “तिला आधी सांगायला पायजे,” तो म्हणाला.

“आजच सांगा.”

तो उठला. अंगणात दोन पावलं गेला आणि थांबला. कुठं पाय टाकावा ह्या विचारात असलेला माणूस थांबतो तसा.

“अंधार झाला काय रं?” त्यानं विचारलं.

“मला काय ठावं, दादा?”

तेव्हा मात्र आम्ही दोघंही मोठ्यानं हसलो. मी काठी घेतली, त्याच्या मागं गेलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शेवंती सांगायची तसं बोटांनी सांगत गेलो. इथं पाय उचल. इथं डावीकडं. बांधावर तो एकदा अडखळला, मग शिकला. माझ्या पायाखालची प्रत्येक वाट मला पाठ होती आणि त्या संध्याकाळी तळकोंडच्या सगळ्यात मोठ्या शिकाऱ्याला मी त्याच्या घरी पोचवलं.

दारात काकींचा आवाज आला, “कोण हाय? कोणाला आणलंत?”

रावजीदादानं उंबऱ्यातूनच हाक दिली, पूर्वी रानात द्यायचा तशी, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी.

“अगं, पाट मांड. शिकारी आलाय घरी.”